आरशातला तीन

गुणाजीने तोच चंबू तिसऱ्यांदा धुवायला घेतला आणि पाण्याच्या धारेआडून रेवतीच्या हातांकडे पाहिले. तिने शीतकपाटातला खोका उघडला होता व त्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या तीन नळ्या बर्फाच्या बादलीत रोवल्या होत्या. झाकणांवर काळ्या शाईच्या तीन खुणा होत्या. एक माशासारखी, एक आरशात पाहिलेल्या तीनसारखी आणि एक पोटातून रेघ ओढलेल्या शून्यासारखी. त्या खुणा रेवतीच्या हातच्या नव्हत्या, हे त्या खोलीत एकट्या गुणाजीला ठाऊक होते.

परवा खंडेनवमी झाली. अंधेरीच्या त्या संशोधनसंस्थेत यंत्रांची पूजा करण्याचा मान गेली एकोणीस वर्षे गुणाजीकडेच होता. यंदा त्याच्या मनात आले की, ज्या नळ्यांवर या पोरीचे अवघे वर्ष अवलंबून आहे, त्यांनाही कुंकवाचे बोट लावावे. त्याने त्या बर्फावर काढून घेतल्या, झाकणांवर साचलेले हिम स्पिरिटच्या फडक्याने पुसले, आणि हिमाबरोबर शाईही निघून गेली. कोणती नळी कुठली होती हे त्याला नीटसे आठवेना. अखेरीस त्याने मार्कर घेतला आणि केवळ अदमासाने खुणा पुन्हा काढल्या.

त्याच्या कंत्राटाची मुदत दिवाळीत संपत होती. पुढच्या वर्षासाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची सही अद्याप व्हायची होती.

"काका, त्या सेंट्रिफ्यूजच्या गळ्यातला हार काढा ना," शौनक म्हणाला. तो रेवतीच्याच बरोबरीचा विद्यार्थी. "कधीचं नवरदेवासारखं बसलंय."

"काढतो," गुणाजी म्हणाला, परंतु जागचा हलला नाही.

तीन वाजता बाहेरचे परीक्षक यायचे होते. रेवतीने हातमोजे चढवले.

"काका, इकडे बसा. तुम्ही परीक्षक. मी बोलते, झोप आली की सांगा."

"माका काय कळतला, ताई?"

"तुम्हाला कळलं तर त्यांनाही कळेल." तिने पहिल्या नळीवर बोट ठेवले. "जीवाणू दुभंगायच्या आधी आपल्या डीएनएची नक्कल करतो. ते काम करणारी तीन प्रथिनं या नळ्यांत आहेत, झाकणांवर त्यांची ग्रीक अक्षरं. हा अल्फा. अक्षरापुढे अक्षर जोडत सुटतो आणि घाईत मधेच चुकतो. हा एप्सिलॉन त्याच्या बाजूलाच. चुकीचं अक्षर दिसलं की कापून टाकतो. मग अल्फा पुन्हा जोडतो. एप्सिलॉन असताना चुका किती घटतात, तेच आज दाखवायचंय. वर्षभर दुसरं काही केलं नाही मी."

"आणि कापताना हाच चुकला तर?"

"चुकतो ना. कधीकधी बरोबर अक्षरसुद्धा कापतो. मग तेच परत बसवायचं. वेळ जातो, पण नक्कल शुद्ध राहते."

गुणाजीने ओले हात पँटला पुसले. "नि हा तिसरा?"

"थीटा. एवढुसा. तो नसला तरी जीवाणू जगतो. एप्सिलॉनला धरून ठेवतो, इतकंच कळलंय."

"म्हणजे मी," शौनक म्हणाला.

रेवती हसली. तिने पिपेट उचलले आणि आरशातल्या तीनची नळी उघडण्यासाठी हात पुढे केला. तोच गुणाजीचा तळवा बादलीवर आडवा आला.

"थांबा, ताई. त्या खुणा माझ्या हातच्या आहेत."

त्याने सारे सांगितले. फडक्याचे, कुंकवाचे, मार्करचे. सांगताना तो केवळ बर्फाकडे पाहत होता.

"वाट लागली," शौनक हळूच म्हणाला. मग रेवतीकडे वळून, "काकांनी बरोबर काढल्या असतील गं. तीनच तर आहेत. कर ना पुढे."

"आणि नसतील काढल्या तर? मी त्यांना सांगणार की एप्सिलॉन काही तपासतच नाही?"

तिने पिपेट जागेवर ठेवले आणि फोन लावला. गुणाजीला तिचेच शब्द ऐकू येत होते.

"हो सर. नाही, आज नाही जमणार. गुणाजीकाकांनी स्वतःहून सांगितलं. हो, लेखी देतील ते." फोन खाली ठेवून ती म्हणाली, "परीक्षक आता डिसेंबरात येतील."

पुढे तिने प्रत्येक नळीतला थेंबभर द्रव जेलच्या पातळ पापुद्र्यात सोडला आणि वीज चालू केली. मोठे प्रथिन वर अडकते, लहान खाली धावते. तिघांची मापे निरनिराळी असल्याने ओळख पटणार होती. तोवर गुणाजी कोपऱ्यात बसून खुलासा लिहीत होता. एक वाक्य लिहावे, दोन खोडावी, असे त्याचे चालले होते.

पाच वाजून गेल्यावर रेवतीने रंगवलेले जेल उजेडावर धरले. पहिल्या घरात निळी रेघ पार वर होती, दुसऱ्यात बरीच खाली, तिसऱ्यात अगदी तळाशी, पुसट. तिने झाकणांवरच्या खुणांशी ती ताडून पाहिली. पुन्हा एकदा ताडून पाहिली.

"बरोबर होत्या, काका. तिन्ही."

गुणाजी स्टुलावर टेकला. अर्धवट खुलासा त्याच्या हातातच होता.

"म्हंजे मी बोललो नसतो तर..."

रेवतीने वही ओढून इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या.

"काय लिहिलंत?"

"नळ्या पुन्हा तपासल्या. कोणाच्या सांगण्यावरून, तेही."

मग तिने कोरी चिकटपट्टी कापून तीन झाकणांवर लावली आणि स्पिरिटनेही न पुसला जाणारा मार्कर त्याच्यापुढे धरला.

"मी?" गुणाजी म्हणाला.

"तुम्हीच."

त्याने मासा काढला. आरशातला तीन काढू लागला, तेव्हा नळी बर्फात घसरू लागली. रेवतीने ती खालून धरून ठेवली.