लांबी

चुंबक घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला... अंगठ्याएवढा काळा चुंबक, गाड्यांवर रंगीत विनाइलचा कागद चढवताना तो धरून ठेवायला वापरायचा, तो डाव्या मागच्या दारावर टेकवला की जणू तिथं पत्राच नाही असा खाली येऊन तिच्या तळहातात पडायचा. चार बोटं पुढं सरकवला तर चटकन चिकटला. म्हणजे इथं पत्रा आहे, आणि तिथं लांबी भरलेली आहे. पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीला कारागीर लांबीच म्हणतात. तिच्या धंद्यात एक लांबी मोजायची असते, दुसरी ओळखायची.

मोजायची तिला फारशी गरज पडत नसे. गाडी आत येईपर्यंत आकडा ओठांवर आलेला असायचा — नाकापासून शेपटीपर्यंत एक पट्टा, दोन बाजूंचे दोन, बंपरच्या वळणांना हात जरा सैल, आरशांसाठी आणि चुकांसाठी थोडं वर. कमी पडलं तर जोड दिसतो, उरलं तर अडगळ. तिचं कमीही पडत नसे, उरतही नसे. या गाडीला सतरा मीटर. ही तर घरचीच गाडी, बाबांची.

"नारिंगी," बाबा आल्या आल्या म्हणाले होते, खुर्चीत टेकायच्या आधीच. "चांगला भडक. लांबून ओळखू आली पाहिजे."

आयुष्यभर राखाडी गाडी आणि राखाडी स्वेटर वापरलेला माणूस! ती हसली होती. आता हसू कुठं गेलं कळेना. ती तळहात पत्र्यावरून फिरवत निघाली — दार, चाकावरची कमान, बंपरचा कोपरा — आणि हाताला उंचवटे लागत गेले, घासून गुळगुळीत केलेले, वरून रंग मारलेले. सगळे डावीकडे. उजवी बाजू आरशासारखी. लोकांना वाटतं विनाइल झाकतं. उलट अंगाला घट्ट बसलेल्या सदऱ्यासारखं ते पोट दाखवतं. आणि बाबा हे घेऊन दुसऱ्याच कुणाकडे गेले... लेकीच्या दारावरून पुढं गेले. आधी तेच लागलं. मग दुसरं लक्षात आलं, सगळे ठोके एकाच बाजूचे, आणि पहिलं लागलेलं विसरायला झालं.

"बाबा, हे कुणाकडून भरून घेतलंत?"

"ते होय. खांब मध्ये आला."

"आला?"

"खांबांचा काही भरवसा नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग आवाज उतरवून, "आईला बोलू नकोस. तिला उगाच वाटेल, मला दिसत नाही."

"आणि दिसतं?"

त्यांनी किल्ली उचलली. "बस शेजारी. स्वतःच बघ."

ती बसली. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. रस्त्यात अजून कुणी ना कुणी 'मास्तर' म्हणून हात करायचं. गिअर असे पडत होते, की लोण्यातून सुरी जावी. ते बोलत होते, सिग्नलला थांबत होते, निघत होते, आणि तिला वाटायला लागलं — आपण उगीच... खांब येतातही मध्ये. माझ्या हाताचा अंदाज चुकत नाही, पण माणसाच्या बाबतीत एकदा चुकला तर काय बिघडलं, चुकू दे ना!

पुढं डाव्या कडेनं एक बाई सायकलवरून चालली होती. मागं धुण्याचं गाठोडं, अंगात हिरवा कोट, भर उन्हात. न दिसण्यासारखं काही नव्हतंच. गाडी हळूहळू तिच्याकडे सरकत राहिली, बाबा बोलत राहिले.

"डावीकडे बघा! बाबा!"

चाक वळलं. बाई काहीतरी ओरडली, सावरली, निघून गेली. बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"दिसली होती मला," ते म्हणाले.

तिनं लांब जाणाऱ्या हिरव्या कोटाकडे पाहिलं.

"नव्हती दिसली," ते म्हणाले. "त्या बाजूला धूर असल्यासारखं होतं. कधी असतो, कधी नसतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की ते किल्ली काढून घेणार." मग एकदम धंद्याच्या गोष्टीवर आल्यासारखे, "बरं, लागेल किती?"

"सतरा मीटर," तोंडातून निघून गेलं.

"मग लावशील?"

बाबांना गाडी सोडा म्हणायची वेळ आली तर आपल्याला रडू येईल, असं तिला कायम वाटायचं. रडू आलं नव्हतं. तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा पाय पायपुसण्यावर घट्ट रोवलेला होता — शिकवणीच्या गाडीत बाबांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा, अगदी तिथं. इथं नुसता पत्रा. याच जागी बसून बाबांनी किती घाबरलेली माणसं रस्त्याला लावली असतील, आणि चेहरा मात्र असा, की झाडं बघायला निघालेत. मला वाटायचं त्यांना भीतीच नाही. तसं नव्हतं... इथं बसलं की भ्यायला फुरसतच नसते.

बाबांचा हात किल्लीवर होता. फिरवतही नव्हता, काढतही नव्हता. तिनं घाई केली नाही. डावीकडचा रस्ता तिला नीट दिसत होता, शेवटपर्यंत, आणि पाय तिनं उचलला नाही.