इंदुताईंच्या आईची लुगडी

इंदुताईंनी वाकून शिलाई मशीनखाली पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि उद्धवरावांकडे बघत राहिल्या.

"दाजी, हितं माझं गठुडं होतं."

उद्धवराव चहाचं आधण ठेवत होते. साखरेचा डबा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"कसलं गठुडं?"

"आईची लुगडी. जुन्या पंच्यात बांधून दिलेली. लेकीच्या बाळाला दुपटं शिवायचं म्हणून विजूच्या हवाली केली होती. वरून नवं फुलाफुलांचं कापड आन आत आईची लुगडी. आता बाळंतपण जवळ आलं, म्हटलं बघावं कुठवर आलंय."

"ते होय," उद्धवराव म्हणाले. "कपाटात ठेवलंय. मशीनखाली धूळ फार होते."

"तिनं सुरू केलं होतं का पण?"

"हो. थोडं केलं होतं."

"बरं झालं बया. न्हाईतर जिवाला घोर लागला असता. आईचं तेवढंच उरलंय." इंदुताईंनी खोलीभर नजर फिरवली. "घर बाकी लखलखीत ठेवलंय हां. विजू असती तर म्हणाली असती, ह्या माणसाला कंपनीनं बिघडवला."

त्या जिना उतरून खाली गेल्या. इमारत त्यांचीच होती. रहाटणीतली शेती गेल्यावर त्यांच्या यजमानांनी ती बांधली, आणि परभणीहून आलेले उद्धवराव आणि त्यांची बायको विजयश्री तेव्हापासून वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. इंदुताई विजयश्रीला धाकटी बहीण म्हणायच्या. गेल्या पावसाळ्यात ती गेली, तेव्हा तिच्या कपाळाला शेवटचं कुंकू त्यांनीच लावलं होतं.

उद्धवरावांनी गॅस बंद केला. पाणी ज्या पातेल्यात तापत होतं ते नवं होतं. त्या लुगड्यांवर बोहारणीकडून घेतलेलं.

ते चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. खात्यातली साफसफाई आणि मांडणी त्यांच्याकडे होती. पोरांना ते सांगत, सगळं एकदम आवरायला जाऊ नका. एक खण घ्या, दहा मिनिटं द्या, उठा. विजयश्री गेल्यावर कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलं की काय करायचं ते त्यांना कळेना. मग ते हेच घरी करू लागले. एक दिवस औषधांचा खण, एक दिवस मसाल्यांची फळी, एक दिवस झाकणं हरवलेले डबे. दहा मिनिटांनी निदान काहीतरी संपलेलं असायचं. असं करत मशीनखालची जागा आली. नवं कापड त्यांनी घडी घालून ठेवलं. जुनी लुगडी विटलेली, काठाला उसवलेली होती. दारावर बोहारीण आली तेव्हा आपल्या दोन पॅंटींबरोबर त्यांनी ती देऊन टाकली.

विजयश्रीचं कपाट मात्र त्यांनी उघडलं नव्हतं. तिथे दहा मिनिटांत काही झालं नसतं.

कंपनीत नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठी लावली की वस्तू लगेच भंगारात जात नाही. ती काही दिवस बाजूला ठेवायची आणि सगळ्यांना विचारायचं, हे कुणाचं आहे का? उद्धवरावांनी हे विचारणं कधी चुकवलं नव्हतं. पोरं चुकली तर ते चारचौघांत बोलत. घरी विचारायला कुणी नाही, असं त्यांनी धरलं. इंदुताई एक जिना खाली होत्या.

गुरुवारच्या सुट्टीला ते पातेलं धुऊन पिशवीत घालून काळेवाडीला गेले. छबूबाई बोहारीण घरासमोर कपड्यांच्या ढिगात बसली होती. शेजारी तिची जाऊ बटणं काढत होती.

"काय दादा, भांडं गळतंय का?"

"नाही. भांडं परत घ्या. मी नऊवारी लुगडी दिली होती, ती पाहिजेत."

दोघी जावा हसल्या.

"अगं, हे बघ नवीनच गिऱ्हाईक! बायका डब्याला झाकण मागायला येतात, हे जुनेर मागायला आलेत. दादा, सुती जुनेर माझ्याकडं कुठलं थांबायला? त्याच आठवड्यात गेलं. फाडून पुसायच्या कापडात जातं ते. तुमच्या कंपन्याच तर नेतात."

उद्धवरावांना ते माहीत होतं. प्रत्येक मशीनपाशी तसल्या तुकड्यांची टोपली असते. तेलाचे हात ते रोज त्यांनाच पुसत.

"कुणाची होती?" छबूबाईने विचारलं.

दुसऱ्याची होती, हे त्यांच्या तोंडातून निघेना.

"बायकोची. वारली ती."

छबूबाईचं हसू गेलं. तिने पातेलं उचलून पुन्हा त्यांच्या पिशवीत घातलं.

"मग दिलीच कशाला, दादा?" ती म्हणाली.

घरी येऊन त्यांनी विजयश्रीचं कपाट उघडलं. ठेवणीतल्या साड्या बाजूला केल्या आणि खालच्या कप्प्यातल्या, ती घरात नेसायची त्या सुती साड्या काढल्या. धुऊन धुऊन त्या मऊ झाल्या होत्या. बराच वेळ ते त्या मांडीवर घेऊन बसले. मग तिच्याच कात्रीने त्यांनी त्या दुपट्याच्या मापाच्या कापल्या, थर लावले आणि वरून, खालून फुलांचं कापड घातलं. आत काय आहे ते आता कुणालाच दिसणार नव्हतं.

मशीन त्यांना येत नव्हतं. सुईत दोरा मात्र ओवता येत होता. विजयश्रीला दिसायला कमी झाल्यापासून ते तिला ओवून देत आले होते. सुरुवातीच्या ओळी वेड्यावाकड्या आल्या, कापडाला चुण्या पडल्या. पुढच्या सुट्टीला टाके सरळ येऊ लागले. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हात चांगला बसला होता.

बारशाच्या दिवशी ते दुपटं घेऊन खाली गेले. खोली बायकांनी भरलेली होती. इंदुताईंनी दुपटं मांडीवर पसरलं, एक कोपरा उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"आईचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्सं झाली तरी. अपेक्षा, बघ, तुझं लेकरू पणजीच्या कुशीत निजणार."

अपेक्षाने बाळाला त्यावर ठेवलं. इंदुताईंनी डोळे पुसले आणि त्या सरळ टाक्यांवरून बोट फिरवायला लागल्या. चुण्या लागल्या तिथे बोट थांबलं.

"हितवर विजूचा हात हाय. लगीच कळतो. आन हितनं पुढं आमच्या दाजींनी कंपनीचा रस्ता आखलाय!"

बायका खदखदून हसल्या. कुणीतरी उद्धवरावांच्या हातात पेढा ठेवला.

"व्हय ना, दाजी? हे तिचंच ना?"

"हो," उद्धवराव म्हणाले. "तिचंच."

बाळ आता पालथं पडायला लागलं आहे. दुपटं धुतलं की खालच्या गॅलरीत वाळत असतं. उद्धवराव पहिल्या शिफ्टला निघतात तेव्हा इंदुताई दारात सडा घालत असतात आणि बाळाने काय काय केलं ते सांगतात. ते उभं राहून ऐकतात. घरातले सगळे खण आवरून झाले आहेत. इंदुताईंना सांगायचं अजून राहिलं आहे.