मन्मथप्पा कधी मेले?

मेलेल्या माणसाला तुम्ही जिवंत ठरवलंत आणि त्याच्या नावाचं कुलूप जित्या बायांच्या दाराला ठोकलंत. तुमचं तोंड आम्ही पाहिलेलं नाही, गाव ठाऊक नाही. पत्राखाली सही म्हणून नुसतं 'टीम' लिहिता. नाव नसलं म्हणून सुटाल असं वाटलं का? हे तुम्ही केलंत.

"पुन्यांदा वाच," दानम्मा म्हणाली.

बीडच्या बसस्टँडामागच्या नेट कॅफेत ती कॅफे चालवणाऱ्या केदारनाथच्या खुर्चीला खेटून उभी होती. मागं सुकन्या, तिची जुनी विद्यार्थिनी, दिंद्रुडला दिलेली. सुकन्यानं आपल्या शेजारणीला, साखराबाईला, सोबत आणलं होतं. साखराबाईच्या पाठीला एवढं पोक, की समोरच्याकडं बघायला तिला मान तिरपी करावी लागे.

"तेच हाय, दानक्का," केदारनाथ म्हणाला. "कुण्या प्रकाशनानं पुस्तकावर हक्क सांगितलाय. लेखक मरून साठ वर्षं झाल्याचा पुरावा द्या म्हणतेत. तवर पुस्तक दिसणार न्हाई."

"मन्मथप्पा मेल्याला पुरावा? माझ्या जन्माच्या आधी मेलाय की माणूस!"

"ते मला कळतंय. ह्या डब्याला कळना."

पुस्तकाचं नाव 'अंगाप्रमाणे बेत', म्हणजे अंग बघून कापड कसं बेतायचं, कापायचं ते. नेकनूरच्या मन्मथप्पा शिंप्यानं लिहिलं, १९२५ साली सोलापुरात छापलं. मन्मथप्पाला मूलबाळ नव्हतं, शिष्य होते. त्यातल्या एकानं म्हातारपणी दानम्माला शिकवलं आणि पुस्तक तिच्या ओटीत घातलं. चौसाळ्यात तिनं शिवणक्लास काढला तो त्याच्या जोरावर. चोळी, बंडी, परकर कुठल्याही पुस्तकात सापडतील. पण ह्याचा शेवटचा भाग होता 'वाकड्या अंगाचा बेत'. मोळ्या वाहून खांदा उतरलेली बाई, पोक आलेली बाई, एका अंगानं सुकलेली बाई, सगळ्यांच्या आकृत्या. आमच्या भागात ऊस तोडून, दगड वाहून सरळ अंग राहतंय कुणाचं? मग देश खुला झाला म्हणाले, आणि बाजारात तयार ब्लाऊज टांगले गेले. लहान, मध्यम, मोठं. तीन मापांत ज्याचं अंग बसत नाही त्यानं काय करायचं, हे त्या खुल्या देशानं सांगितलं नाही.

पुढं पुस्तकाची पानं बिस्किटासारखी मोडायला लागली. केदारनाथच म्हणाला, नेटवर टाकू, पोरी असतील तिथनं बघतील. पानं काचेवर सपाट बसावीत म्हणून त्यानं पुस्तकाची शिवण कापली. शिवण कापायची म्हणजे काय ते दानम्माला जास्त कळत होतं. पण पुस्तक तुमच्या साइटवर चढलं, आणि सुकन्या माजलगावात जाऊन लागेल ते पान छापून काढू लागली; पोकाचं पान कधी लागलं नव्हतं. सुटी झालेली जुनी पानं दानम्माच्या ट्रंकेत भुगा झाली. केदारनाथच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला, सीडीला चरे पडले. राहिलं ते तुमच्याकडचं. तेही तुम्ही झाकलंत.

साखराबाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. नातीचं लग्न होतं. लेकानं तिच्या चोळीला हिरवं खणाचं कापड घेतलं होतं.

"बाई, तुमाला येत न्हाई का पुस्तकाबिगर?" तिनं मान तिरपी करून विचारलं.

"सादा बेत डोळे मिटून येतो, माय," दानम्मा म्हणाली. "पोकाचा दर वेळी पान उघडून केला. म्हनलं, पान कुठं पळून चाललंय?"

मृत्यूचा दाखला मागायला दानम्मा कचेरीत गेली, तेव्हा कारकुनानं मान वर केली नाही.

"कधी मेले?"

"निजामाच्या राज्यात."

"मंग निजामाला विचारा. त्या येळचं दप्तर इथं न्हाई. तुमी त्यांच्या कोण?"

"त्यांच्या शिष्याची शिष्या."

"रक्ताचं नातं?"

"सुईचं."

"सुईला रकाना न्हाई, मावशी."

आजूबाजूचे हसले. दानम्माही हसली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिली.

मग सुकन्याला सुचलं. नेकनूरच्या शिवाराला मन्मथप्पाची समाधी आहे. शिष्यांनी बांधलेली, दगडावर अक्षरं कोरलेली. दोघी केदारनाथला घेऊन, बाभळीचे काटे बाजूला सारत तिथं पोचल्या. दानम्मानं पदरानं दगड पुसला. 'मन्मथप्पा शिंपी. लिंगैक्य. सन १३४०.' लिंगैक्य म्हणजे वारले. खाली कात्री कोरलेली.

केदारनाथनं फोटो काढला, तुम्हाला पाठवला. तिघांनी त्या दिवशी चहा घेतला, भजी खाल्ली. दानम्मानं सुकन्याला सांगून टाकलं, "साखराबाईला म्हणावं, कापड भिजवून वाळीव. आटायचं आसंल तर आधीच आटू दे."

तुमचं उत्तर आलं. केदारनाथनं एकदा मनात वाचलं आणि माऊस बाजूला ठेवला.

"काय म्हणतेत?"

"म्हणतेत, लेखक १३४० साली वारला आन पुस्तक १९२५ ला छापलं, हे कसं? मेल्यावर सहाशे वर्षांनी पुस्तक कसं लिहिलं? कागद बनावट हायेत. पुन्हा पाठवले तर तुमचं खातंच बंद करू."

"आरं, फसली सन हाय ते! निजामाच्या शेतसाऱ्याचं साल. पाचशे नव्वद मिळव की त्यात, एकोणीसशे तीस येतंय. म्हाताऱ्या माणसाला कुणालाबी इचार."

"लिवलं ना मी, दानक्का, दोनदा लिवलं. तेच उत्तर येतंय, शब्दाला शब्द. तिकडं माणूस बसलाय का न्हाई तेबी कळना."

साखराबाई त्याही दिवशी आली होती. पिशवीत भिजवून वाळवलेलं कापड.

"कावून बंद केलं पर? आमी काय चोरलं त्यांचं?"

दानम्मानं खुर्ची ओढली.

"लिही, केदार."

"कुणी वाचत न्हाई तिकडं."

"लिही म्हनलं ना. मन्मथप्पा मेले न्हाईत म्हणता, बरं हाय. लई चांगली गोष्ट सांगितली. मंग आमाला त्यांचा पत्ता द्या. आमी येतो. एक पाठ अडलीया."

केदारनाथनं तिच्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून अक्षर अक्षर टाइप केलं. पत्र गेलं.

नातीचं लग्न झालं. साखराबाईनं बाजारातला तयार ब्लाऊज घातला, 'मोठं' लिहिलेला. पुढं लोंबत होता, मागं पोकावर चढून पाठ उघडी पडत होती. अक्षता पडेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नात पाया पडायला आली तेव्हाही भिंत सोडली नाही; तिथूनच हात लांब करून तिनं तिच्या डोक्यावर ठेवला. हिरवं कापड अजून दानम्माच्या टेबलावर आहे. त्याला कात्री लागलेली नाही.

पत्र तुम्हाला पोचलंय. सांगा, मन्मथप्पा कुठं राहतात?