एस्तेरबाईंशेजारची जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सांगलीत हळदीच्या पेठेमागे एक छोटं चर्च आहे, तिथे सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा असतो. माझा एक पाय डुगडुगतो. माझं बोलणं कडू लागलं तर लागू द्या, कडुनिंबाच्याच लाकडाचा आहे मी.

नाथाजी सुताराने मला घडवलं, तेव्हा चारजण ऐसपैस बसतील एवढं लांब केलं. "ह्याच्यावर हत्ती बसला तरी मोडायचा न्हाई," असं तो म्हणाला होता. काही वर्षं माझी ऐट होती. मग कृष्णामाईचा महापूर आला, मी पाण्यात भिजत पडलो आणि पाय वाकडा झाला. नवे बाक पुढे आले. मला मागे सरकवलं, आजारी माणसांसाठी म्हणे.

तिथे एस्तेरबाई बसू लागल्या. जन्मभर पेठेत हळद निवडलेली बाई. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना दवाखान्यात डायलिसिसच्या मशिनीवर पडावं लागे. शेजारच्या रंगुबाई त्यांना हाताला धरून चर्चला आणत. रंगुबाई कपाळभर कुंकू लावणाऱ्या, देवीच्या भक्त. उपासना संपेपर्यंत त्या मैत्रिणीजवळ गप्प बसून राहत. सुरुवातीला मंडळीतल्या बायकाही शेजारी टेकायच्या, चौकशी करायच्या.

एका रविवारी बाहेरगावचे उपदेशक आले. त्यांनी एस्तेरबाईंच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि ही बहीण बरी झाली, असं जाहीर करून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बरं झालेल्याने पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मंडळीचे कारभारी लालासाहेब लगबगीने मागे आले.

"बाई, आता मशीन बंद करा," ते म्हणाले. "तिकडं गेलात तर प्रभूवर विश्वास न्हाई असा अर्थ होईल."

एस्तेरबाई रंगुबाईंचा हात धरून घरी गेल्या. आठवडाभर माझ्या जिवाला घोर लागला. ही भाबडी बाई ऐकेल आणि हकनाक जीव गमावेल, असंच मला वाटत होतं.

रविवारी त्या आल्या. माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"मी बरी झाले न्हाई," त्या म्हणाल्या. "सोमवारी गेलते, गुरुवारीबी गेलते. मशिनीवर पडलं की लय भ्या वाटतं. तवा प्रभू माझ्याजवळ बसून ऱ्हातो. उठून जात न्हाई. माझी साक्ष एवढीच हाय."

टाळी वाजली नाही. लालासाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "विश्वास कच्चा."

त्या दिवसापासून मंडळीतलं कुणी माझ्यावर बसेना. एस्तेरबाई सरकून जागा करायच्या, "आवं, टेका की," म्हणायच्या. लोक उभ्याउभ्याच "प्रार्थना करतो हं," म्हणून सटकायचे. मला इतका संताप यायचा की मी करकरायचो.

"तुमची मानसं बसत का न्हाईत गं?" रंगुबाईंनी एकदा विचारलं.

"भ्यात्यात. देव फकस्त बऱ्या झालेल्यांचा हाय, असं वाटतं त्यास्नी."

"तुला राग येत न्हाई?"

"येतो की. त्योबी प्रभूलाच सांगते," एस्तेरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता.

यंदा त्या गेल्या. त्यांना निरोप द्यायला चर्च गच्च भरलं. लालासाहेबांनी डोळे पुसत सांगितलं, की अशी विश्वासाची बाई होणे नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! माझ्यावर दाटीवाटीने पाचजण बसले होते. रंगुबाईंना जागा मिळाली नाही. त्या दाराशी उभ्या होत्या.

मित्रांनो, माझा पाय नीट करा, मला रंग द्या, असं मी म्हणत नाही. फक्त एवढं करा. आजारी माणूस सरकून जागा करून देतं, तेव्हा बसत जा.