रांगेतले चिटणीस

राजापेठेतल्या खुशालरावांनी कापसाच्या जिनिंगचा कारखाना विकला, तेव्हा त्यासोबत वजनकाटा, पाण्याची टाकी, बैलजोडी आणि हुतूतूची टीम अशी सगळी मालमत्ता गेली. घेणारे अकोल्याचे नत्थुजी. टीमला कोणी विचारलं नाही. बैलांनाही नाही.

टीमचे कारभारी तिघं. खजिनदार गोवर्धन यांना नव्या मालकांनी काट्यावर बसवलं, उस्ताद पंजाबरावांना सरकीच्या ढिगाची राखण दिली. चिटणीस हेमचंद्र वकिलांना मात्र कसलाच निरोप आला नाही. घरी पत्नी चारुशीलाबाई रोज ताट वाढताना विचारत, "अहो, ठेवलं का काढलं?" वकील म्हणत, भात वाढ.

रविवारी धामणगावशी सामना होता. वकील काळा कोट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून कारखान्याच्या आवारात पोचले. निंबाखालच्या त्यांच्या खुर्चीवर नत्थुजींचे साडू नारायणराव बसले होते. त्यांच्याही गळ्यात शिट्टी होती, जास्त चकचकीत.

उन्हात रुईचे पुंजके तरंगत होते. गडी, पंच, प्रेक्षक, सगळे पाण्याखाली असल्यासारखे संथ हलत होते. उभं राहावं तर काढल्यासारखं दिसतं, घरी जावं तर काढलंच. वकील त्या उबेत भटकत रेषेबाहेर बाद गडी बसतात तिथे गेले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून रांगेच्या टोकाला बसले.

आता, समोरचा एक बाद झाला की आपल्या रांगेतला पहिला उठून खेळात जातो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वकिलांनी तर तो नियम स्वतः छापून वाटला होता. पण त्यांचा डोळा लागला. पुढचे उठत गेले, नवे बाद होऊन मागे बसत गेले आणि झोपेतच वकील रांगेत पहिले झाले.

"उठा ना वकीलसाहेब," मागचा गडी म्हणाला. "आमचे नंबर तटून राह्यले."

पंचांनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मले काय पाह्यता? रांगेत हाय, तं गडी हाय."

वकिलांनी धोतर खोचलं आणि हुतूतू घालत निघाले. आपणही पुंजक्यासारखे तरंगतोय असं त्यांना वाटलं. धामणगावची पोरं कोटाला मान देऊन बाजूला सरकली. कोणालाही न शिवता, कोणाच्याही हाती न लागता ते परत आले. सामना अर्थात टीम हरली.

रात्री ताटावर बसताच ते आपणहून बोलले, "ठेवलं. रांगेत."

पुढल्या वर्षी नत्थुजींनीही कारखाना विकला. त्यानंतरच्या सामन्याच्या रविवारी नारायणराव शिट्टी घालून आले, खुर्चीवर तिसराच माणूस पाहून थबकले, मग गुमान रांगेपाशी आले आणि वकिलांच्या पुढे बसू लागले.

"मागं बसा," वकील डोळे न उघडता म्हणाले. "माझा नंबर आधी आहे."