टायरचा काळा पट्टा

आमचे हे बसचे ड्रायव्हर. थांबता थांबता आगाराच्या फाटकाला बस टेकली, तेवढ्यानंच जुनं फाटक कलंडलं आणि रखवालदाराचा पाय मोडला. चौकशी लागली. रस्त्याची मर्यादा ताशी चाळीस किलोमीटर. बस त्याहून जोरात होती असं ठरलं तर नोकरी जाणार होती. म्हणून नाइलाजानं यांनी जावयाला बोलावलं. तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. लग्नापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"या मास्तर," हे म्हणाले. "टायर चाळीस मीटर घासलेत, तसं साहेबांना लिहून दिलंय. एवढ्या लांबून ब्रेक मारणारा माणूस बेफिकीर असतो का? तेवढं तुमच्या गणितात बसवा."

जावयानं कागदावर आडवी रेघ वेळेची काढली, उभी वेगाची.

"ब्रेक एकसारखा दाबून धरला होतात?"

"मला गाडी शिकवू नका."

"म्हणजे वेग एकसारखा उतरत शून्यावर आला." त्यानं तिरकी रेघ ओढली. "या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. सुरुवातीच्या वेगाचा निम्मा, गुणिले वेळ. आणि वेळ म्हणजे सुरुवातीचा वेग भागिले मंदन, म्हणजे दर सेकंदाला वेग किती उतरतो ते. वेळेच्या जागी हे ठेवलं की अंतर येतं वेगाचा वर्ग, भागिले मंदनाची दुप्पट."

"माणसासारखं बोला."

"पट्टा जितका लांब, तितकी गाडी जोरात होती, मामा. त्या रस्त्यावर मंदन पाच धरू, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला पाच मीटरनं उतरतो. चाळीस मीटरला ताशी बहात्तर."

यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "खरा पट्टा केवढा होता हो?"

"दहा मीटर. त्याच्या मागचा तीस मीटरचा पट्टा दुसऱ्याच गाडीचा, जुना. लांब दिसला तर बरं, म्हणून जोडला."

जावई फिस्सकन हसला. "दहाला छत्तीस. तुम्ही नियमातच होतात! पट्टा चौपट केलात आणि वेग दुप्पट करून घेतलात."

"दात काढायला बोलावलं नव्हतं तुम्हाला."

"मग साहेबांना सांगा खोटं लिहिलं म्हणून. नाहीतर घरी बसा."

"तुमच्यासारख्याकडून अक्कल घ्यायची वेळ आली माझ्यावर!"

चौकशीत यांनी मान खाली घालून खरं सांगितलं. साहेबांनी जागेवर जाऊन दोन्ही पट्टे पाहिले. नोकरी वाचली, पण खोटं लिहिल्याबद्दल स्टिअरिंग काढून घेतलं. आता हे आगारात बसगाड्या धुतात.

जावई परवा आला होता. यांनी मला सांगितलं, "त्याला चहा दे आणि लवकर वाटेला लाव." जावयानं ते ऐकलं आणि मुद्दाम दोन कप प्याला.