पुण्यवान वांगं

गुरुवारी सकाळी बाभळटाकळीच्या दवाखान्यात जेवढी गर्दी व्हायची, तेवढी पोलिओच्या डोसालाही कधी झाली नव्हती. गंमत म्हणजे त्या गर्दीत आजारी माणूस शोधून सापडत नव्हता. खोकणारे बिचारे मागं लिंबाखाली बसलेले, आणि ओसरीत ही झुंबड. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडं.

टीव्ही म्हणायचं आपलं गावाच्या भाषेत. खरी ती देणगीदारांची पाटी होती. दवाखाना गावानंच वर्गणी काढून उभा केलेला. आधी दारात संगमरवरी पाटी होती, पण कुणाचं नाव वर अन् कुणाचं खाली यावरून दोन भावक्या एकमेकींच्या लग्नाला जाईनाशा झाल्या. शेवटी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या अमरनाथनं ही भलीमोठी टच स्क्रीन गावाला भेट दिली. हिच्यात नावं आपली फिरत राहतात, वर कुणी न्हाय अन् खाली कुणी न्हाय. कंपाउंडरनं आपलं नाव काढून द्यायचं, आपण अंगठ्याच्या चित्रावर अंगठा टेकवायचा. टेकवला की आपला फोटो येतो, त्याच्यावर झेंडूची फुलं पडतात, सनई वाजते आणि ‘गाव आपलं आभारी आहे’ अशी अक्षरं उमटतात. बघणाऱ्यालाही चार पैसे द्यावेसे वाटावेत, एवढाच अमरनाथचा साधा हेतू.

पण आपल्या भागातल्या माणसाला साधा हेतू पचतोय होय? तुळजापूरला जायचं, चिंतामणीच्या दगडावर हात टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा आणि दगड उजवीकडं फिरतो का डावीकडं ते बघायचं, ही बापजाद्यांपासूनची सवय. हात टेकवला म्हणजे उत्तर आलंच पाहिजे. पहिल्याच आठवड्यात काही जणांच्या अंगठ्याला फुलं पडली, काहींच्या पडली नाहीत. कुणीतरी हळूच म्हणालं, “कौल मिळंना बघ ह्याला.” झालं. पुढच्याच गुरुवारी लोहारा गावाहून आलेल्या जीपमधून स्पर्शानंद महाराज उतरले. असल्या माणसांना वास कसा लागतो कुणास ठाऊक.

“भक्तांनो,” महाराज स्क्रीनशेजारी खुर्ची टाकून सांगायचे, “हे यंत्र नव्हे, कलियुगाचा कौल आहे. माणूस वरून चकचकीत दिसतो, पण आतला डिस्प्ले गेलेला असतो. पापानं आत्म्याचा टच जातो. मग फूल कसं पडणार? घाबरू नका. आमच्याकडं तीर्थ आहे. दोन थेंबांत टच परत. न आल्यास दक्षिणा माघारी.”

आणि दक्षिणा माघारी द्यायची वेळ कधी आली नाही, हीच तर मेख. नारळ ठेवायचा, यथाशक्ती दक्षिणा ठेवायची, महाराज तांब्यातलं तीर्थ अंगठ्याला चोळायचे, आणि सगळ्यांच्या देखत फुलांचा पाऊस. दक्षिणेतलं अर्धं दवाखान्याच्या पेटीत जायचं, अर्धं महाराजांच्या झोळीत. दवाखान्याचे अध्यक्ष हणमंतप्पा, बी-बियाणांचे व्यापारी, पेटीकडं बघायचे आणि झोळीकडं बघायचे नाहीत.

या सगळ्यात भरडली गेली ती नागूबाई.

नागूबाई शाळेत पोषण आहार शिजवायची. नवरा गेल्यापासून त्यावरच तिची भाकरी. दवाखान्याच्या वर्गणीला तिनं घरच्या दोन शेळ्यांतली एक दिली होती, म्हणून तिचंही नाव पाटीत, फोटोही. एका गुरुवारी पदर डोक्यावर घेऊन ती हौसेनं गेली आणि तिनं अंगठा टेकवला. काही नाही. पुसून टेकवला. काही नाही. जोर लावला तेव्हा कंपाउंडर ओरडला, “मावशे, फुटंल की काच.” आणि तिच्यामागं उभा असलेल्या रणधीरनं नुसतं बोट लावलं तर सनईच सनई. हा रणधीर म्हणजे गावच्या रस्त्याचा मुरूम स्वतःच्या अंगणात पसरून बसलेला माणूस.

महाराजांनी डोळे मिटले. “या हाताला फार जुना दोष आहे. या हातचं कोण खातं?”

“शाळेतली पोरं,” कुणीतरी बोललं.

एवढंच. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोरांनी घरून डबे आणले. पाचव्या दिवशी खिचडीचं पातेलं भरलेलंच राहिलं. हणमंतप्पाच शाळा समितीचेही अध्यक्ष. ते येऊन म्हणाले, “नागूबाई, माझा काय इश्वास न्हाय ह्याच्यावर. पर लोक ऐकनात. गुरुवारी तीर्थ घेऊन मोकळी हो, न्हायतर सोमवारच्या मीटिंगात दुसरी बाई बघावी लागंल.”

रात्रभर नागूबाई आपली पापं आठवत पडली. शेजारच्या कडूबाईची कोंबडी आपल्या कुडात अंडं घालून गेली होती, ते अंडं तिनं परत दिलं नव्हतं. सासूला एकदा मनात ‘मरत का न्हाय म्हातारी’ म्हटलं होतं, आणि म्हातारी पुढं बारा वर्षं ठणठणीत जगली होती. एवढ्यावर टच जातो का? तीर्थ घ्यायला तिची ना नव्हती. पण तीर्थ घेतलं म्हणजे दोष होता असं कबूल केल्यासारखंच, आणि एकदा कबूल केलं की पोरं तिच्या हातची खिचडी पुन्हा निःशंक खाणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवांजली मॅडम भरलेल्या पातेल्याजवळ येऊन बसल्या आणि वाढून घेऊन जेवायला लागल्या.

“मॅडम, खाऊ नगा,” नागूबाई म्हणाली. “माझ्या हातालाच दोष हाय. पोरानं टचचा मोबाईल दिलाय, त्यो बी माझं ऐकत न्हाय. फोन वाजतुया, म्या बोट घासतीया, घासतीया, अन् फोन बंद पडतुया. रेशनच्या मशीनला तर अंगठा कधी उठलाच न्हाय.”

शिवांजलींचा घास हातातच राहिला. “मावशी, मोबाईल कधीच ऐकत नाही?”

“कधी कधी ऐकतुया. भांडी घासताना आला फोन, तर लगीच उचलतुया.”

“हात ओले असताना?”

“व्हय. म्हंजी कामात असलं की त्याला दया येत असंल.”

शिवांजली हसल्या, मग त्यांनी नागूबाईचा हात आपल्या हातात घेऊन पाहिला. चुलीची धग, भांडी घासायची राख आणि खुरपं यांनी अंगठ्याची कातडी सुकून कडक झालेली, भेगाळलेली. “मावशी, गुरुवारी यायचं. तीर्थ घ्यायचं नाही. येताना घरून एक वांगं आणा. आणि हात पुसायचं फडकं.”

“वांगं कशाला?”

“भाजीला नाही.”

गुरुवारी हणमंतप्पांनी शिवांजलींना बाजूला घेतलं. “पोरी, दवाखान्याला पैसा येतोय. बीपीची मशीन आणायची हाय. जरा दमानं घे की.”

“अप्पा, दवाखान्याला पैसा येतोय आणि पेशंट लिंबाखाली बसलेत. मावशीची भाकरी जातेय ती वेगळीच.”

हणमंतप्पांनी उपरणं झटकलं आणि ते पेटीशेजारी जाऊन उभे राहिले.

नागूबाईचं नाव निघालं. तिनं सगळ्यांसमोर कोरडा अंगठा टेकवला. फूल नाही. गर्दीतून च्-च् झालं. महाराजांनी तांब्या उचलला.

“थांबा महाराज,” शिवांजली म्हणाल्या. “मावशी, त्या नळाखाली हात ओला करून या.”

नळ दवाखान्याचा, पाणी तेरणा नदीचं, त्यात मंत्र कसला तर ब्लीचिंग पावडरचा. नागूबाईनं हात ओला केला, फडक्यानं जरा टिपला, अंगठा टेकवला. सनई वाजली. तिच्या फोटोवर झेंडू पडायला लागला तशी तिनं एकदम हात मागं घेतला, जणू तव्याला लागला होता.

“आमच्या सान्निध्यानं नळालाही तीर्थाचा गुण आला,” महाराज घाईनं म्हणाले.

“बरं. आता रणधीरराव, जरा या. पुण्यवान अंगठा आहे तुमचा.” रणधीर छाती काढून आला. शिवांजलींनी नागूबाईच्या जाड फडक्याची कोरडी बाजू चार पदरी करून त्याच्या अंगठ्याला गुंडाळली. रणधीरनं टेकवला, दाबला, रेटला. स्क्रीन ढिम्म.

“मुरूम निघाला वाटतं आत,” लिंबाखालून कुणीतरी खोकत म्हणालं, आणि पहिल्यांदाच ओसरी हसली.

“स्पर्श महत्त्वाचा,” महाराज म्हणाले. “जिवंत आत्म्याचा स्पर्श. फडक्याला आत्मा नसतो.”

“वांग्याला असतो?” शिवांजलींनी नागूबाईकडून वांगं घेतलं, देठाकडून धरलं आणि त्याचा गोल बुडखा स्क्रीनवरच्या अंगठ्याच्या चित्रावर टेकवला.

सनई वाजली. फुलं पडली. ‘गाव आपलं आभारी आहे’ अशी अक्षरं आली. धोंडीबा नावाच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली, आता वांग्याला हात जोडावेत का काय हे त्याला समजेना.

“आयला,” तो म्हणाला, “आपण तर असली पुण्यवान वांगी भरून खाल्ली की रं.”

मग जो हशा उठला तो आवरेना. शिवांजलींनी आवाज चढवून सांगितलं, “ऐका. आपल्या अंगात पाणी आहे, मीठ आहे, त्यामुळं अंगातून बारीकशी वीज वाहू शकते. बोट काचेला लागलं की काचेवरच्या विजेत किंचित फरक पडतो. यंत्र तो फरक ओळखतं, तुमची कर्मं नाही. वांग्यातही पाणी आहे, म्हणून वांगं चालतं. जाड कोरडं कापड मध्ये आलं की चालत नाही. आणि राबून राबून कातडी कोरडी, घट्ट झाली की तीही कापडासारखी आड येते. ओली केली की झालं. आठवून बघा, या पाटीनं कुणाकुणाला नाकारलं? खुरपणाऱ्याला, गवंड्याला, चूल पेटवणाऱ्या बाईला. आपण त्यांना पापी म्हणून मोकळे झालो.”

सगळे आपापले हात बघायला लागले. कडूबाईनं आपला हात पदराखाली घेतला, मग पुन्हा बाहेर काढला.

हणमंतप्पांनी महाराजांना विचारलं, “महाराज, ह्याच्या आधी काय करत व्हता?”

“मोबाईल रिपेरिंग,” महाराज सवयीनं बोलून गेले. मग जीभ चावली, पण ती आता चावून काय उपयोग. गॅरंटीप्रमाणं दक्षिणा माघारी मागायला लोक पुढं सरकले तसे महाराज झोळी तिथंच टाकून जीपकडं निघाले. हणमंतप्पांनी झोळी उचलली, एकदा पेटीकडं बघितलं, आणि ज्याचं त्याला परत दिलं. पेटीतलंही मागाल तर देतो म्हणाले. पेटीतलं मात्र कुणी मागितलं नाही.

एवढ्यात नागूबाईची उरलेली शेळी कुठूनशी ओसरीत चढली, शिवांजलींच्या हातातलं वांगं तिनं हिसकावून खाल्लं आणि चव राहिली असेल म्हणून स्क्रीन चाटली. स्क्रीनवर नाव रणधीरचं होतं. सनई वाजली, फुलं पडली. बिचारा रणधीर त्या दिवशी लवकर घरी गेला.

आता स्क्रीनशेजारी वाटीत ओला स्पंज ठेवलाय, बँकेत नोटा मोजायला असतो तसला. लोक अंगठा ओला करतात, फुलं बघतात, पेटीत टाकायचं ते टाकतात. पेशंट ओसरीत बसतात. सोमवारच्या मीटिंगात नागूबाईचा विषय निघालाच नाही, कारण हणमंतप्पा मीटिंगआधी शाळेत जाऊन पोरांच्या पंगतीत खिचडी खाऊन आले होते, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली होती. कडूबाईच्या अंड्याचं तेवढं नागूबाईनं अजून सांगितलेलं नाही.

आणि सांगायचं तर एवढंच, की चमत्कार दिसला की हात जोडायला कोण नको म्हणतं? पण त्याआधी एकदा तोच चमत्कार नळाच्या पाण्यानं होतो का, ते तपासायला काय हरकत आहे? त्याला मोठं शिक्षण लागत नाही. आणि चमत्काराच्या नावाखाली एखाद्या बाईच्या चुलीत पाणी पडत असेल, तर तपासायलाच पाहिजे.

परवा अणदूरकडून एक भविष्यवाला आला. शाळेच्या फाटकात नागूबाईला गाठून म्हणाला, “माय, हात दाव. तुझ्या हातात लई मोठा योग हाय.”

“थांबा हं,” नागूबाई म्हणाली, “आत जाऊन वांगं आणती. आदी त्याचं भविष्य सांगा.”